चार ओळींचे वाङ्मय

माझी भाची पुण्यात लेखिका आहे. कथा-कविता नव्हेत, मोबाइलच्या पडद्यावर बटणांवर जे शब्द असतात, काही अडले की जी सूचना झळकते, ती ही मुलगी लिहिते. या धंद्याला ‘यूएक्स रायटिंग’ म्हणतात. “तीन शब्दांचा पगार मिळतो होय गं तुला?” असे मी तिला चिडवीत असे. तीनतीनशे पानांच्या कादंबऱ्या लिहून प्रकाशकाकडे हेलपाटे घालणाऱ्या मास्तराच्या त्या थट्टेत थोडा मत्सरही होता, हे कबूल करतो.

गेल्या दिवाळीत ही थट्टा माझ्याच अंगाशी आली. आई मोठ्या हौसेने फोनवरून पैसे पाठवायला शिकली होती. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तिने मावशीला औषधासाठी दोन हजार रुपये पाठवले. खात्यातून रक्कम वजा झाली. पडद्यावर मात्र अक्षरे उमटली : ‘काहीतरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा.’ आईने मुकाट्याने पुन्हा प्रयत्न केला. आणखी दोन हजार गेले. हे मावशीला पोचले; पहिल्यांचा पत्ता नाही. रात्रभर ती माउली अंथरुणावर बसून होती. “माझंच बोट कुठंतरी चुकलं रे,” हे एकच पालुपद! दुसऱ्या दिवशी ते पैसे आपोआप परत आले. पण आईने फोनला हात लावणे सोडले ते सोडलेच.

भाऊबीजेला भाची आली. मी म्हणालो, “आता तुमची ती सूचना यंत्रच लिहील की!” २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांना खुले झाल्यापासून हे वाक्य माझ्या जिभेवरच असे. तिने हसून यंत्राकडे तशी सूचना मागितली. क्षणात दहा वाक्ये हजर! शुद्धलेखन निर्दोष, प्रत्येकात ‘क्षमस्व’ आणि ‘कृपया’. आणि दहाही वाक्यांचा शेवट एकच – पुन्हा प्रयत्न करा.

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. “आजी, त्या वेळी तुला काय कळायला हवं होतं?”

“पैसे कुठं आहेत, आणि चूक माझी आहे का. एवढंच गं.”

भाचीने मला सांगितले, “मामा, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच आहे. यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.” म्हणजे नियम होता, पैसेही सुरक्षित होते, आईला तेवढे कोणी सांगितले नव्हते! हे सारे सांगितल्यावर यंत्राने बरा मसुदा दिला. त्यावर हात फिरवून भाचीने लिहिले :

‘पैसे खात्यातून गेले, पण पोचले नाहीत.
तुमची चूक नाही.
उद्यापर्यंत ते परत येतील.
तोवर पुन्हा पाठवू नका.’

वाक्ये यंत्रानेही जुळवली असती. पण आजीला विचारायला कोणीतरी उठून स्वयंपाकघरात जावे लागते. तीनशे पाने लिहिताना मी किती वेळा उठलो होतो?

आईने त्या चार ओळी कागदावर उतरवून घेतल्या आणि फोनच्या पाकिटात ठेवल्या. परवा तिने मावशीला पुन्हा पैसे पाठवले. माझी एकही कादंबरी तिने इतकी जपलेली मला आठवत नाही.