चुकलेला हिशेब

अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत सागरी मार्गाने सायकलवर जावयाचे, हा बेत अण्णांचाच. वय ६६. सांगलीत हळदीची अडत, आणि चाळीसहून अधिक वर्षे गादीवरची बैठक. तरुणपणी वसुलीसाठी तासगाव-मिरजेकडची गावे त्यांनी सायकलवरच पालथी घातली होती. पुण्यात नोकरी करणारा मुलगा सोबत निघाला तो काहीसा मनाविरुद्धच. दुकान पुढे कोण पाहणार, हा विषय दोघांमध्ये दोन वर्षे तसाच पडून होता. आठ-दहा दिवसांच्या सहवासात तो निघणार, ही त्याची धास्ती होती. पहिले चार दिवस मात्र गिअर, पंक्चर आणि मुक्कामाच्या खोल्या यांपलीकडे बोलणे गेले नाही.

नकाशात हा मार्ग समुद्राला बिलगून गेलेला, सरळ आणि सोपा दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पैलतीरी गेल्यावर पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. सड्यावर सावलीला झाड नसते. डिसेंबरातदेखील अकरानंतर वरून ऊन आणि खालून दगड, दोन्ही भाजतात. पाचव्या दिवशी गुहागरहून गणपतीपुळे गाठावयाचे होते. वाटेत पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. पुढे तवसाळहून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. ऊन चढण्यापूर्वी बरीचशी वाट सरावी म्हणून दोघे न्याहारीची वाट न पाहता निघाले. अण्णांनी मधुमेहाची सकाळची गोळी मात्र न चुकता घेतली. आयुष्यभर वेळा पाळणारा मनुष्य. गोळी राहून जाणे त्यांना जमलेच नसते.

वेळणेश्वर मागे टाकून चढ संपताच एका घराच्या पडवीत छोटेसे दुकान लागले. दोन ताक ४० रुपयांचे, पाण्याची बाटली २०, केळी ३०. अण्णांनी दोनशेची नोट दिली आणि बाईंनी ११० रुपये परत केले. अण्णा म्हणाले, ‘‘सत्तरच यायला हवेत.’’ बाईंनी पुन्हा जोडून दाखविले, तरी त्यांचे समाधान होईना. आवाज चढला. शेकडो पोत्यांचे वजन, हमाली, तोलाई तोंडी जोडणारा हा व्यापारी ९० रुपयांच्या बेरजेपाशी अडला होता, आणि तोही स्वतःचे नुकसान करून घेण्यासाठी भांडत होता.

मुलाच्या मनात प्रथम जे आले, ते त्याला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. त्याला वाटले, वय झाले. आता दुकान काढून टाकण्याविषयी बोलणे सोपे जाईल. दुसऱ्याच क्षणी त्याची दृष्टी अण्णांच्या हातावर गेली. सावलीत बसूनही सदरा घामाने चिंब झाला होता आणि नोट धरलेली बोटे थरथरत होती. केळी तशीच पिशवीत होती. साखर वाढते म्हणून त्यांनी एकही सोलले नव्हते.

निघताना आईने बजावून सामानात रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र टाकले होते. त्यात आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेला की धोका. काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. त्यात सायकलचे श्रम. स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि मेंदूला ती अपुरी पडू लागते. मग माणूस चिडतो, अडखळतो, हिशेब चुकतो, आणि आपल्याला काही झाले आहे हे त्यालाच पटत नाही. अण्णाही ‘‘मला काही झालेलं नाही’’ हेच घोकत होते. बाई मात्र काही न विचारता आत गेल्या आणि तीन चमचे साखर विरघळविलेले पाणी घेऊन आल्या. मगाशी ज्यांच्याशी भांडण झाले, त्यांच्याच हातचे ते पाणी अण्णांनी मुकाट्याने घेतले. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढीच साखर. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. त्यानंतर केळी, आणि बाईंनी केलेले गरम पोहे.

शुद्ध नीट आल्यावर अण्णांनी स्वतःहून सांगितले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळी वाढविली होती. असे दोनदा गादीवरही झाले होते. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीत चुकीची रक्कम पडली आणि मुनीमजींनी ती गुपचूप दुरुस्त केली. घरी कोणालाही कळू दिले नव्हते. व्यापारी घरांत आजार पुष्कळदा असाच ठेवला जातो, ताळेबंदाच्या तळटीपेत, बारीक अक्षरात.

‘‘आईला तरी सांगायचंत,’’ मुलगा म्हणाला.

‘‘सांगितलं असतं तर तिनं निघू दिलं असतं?’’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘तू दुकानात येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.’’

‘‘मग हा एवढा प्रवास कशासाठी, अण्णा?’’

‘‘तुला सांगायला वेळ मिळावा म्हणून. पाच दिवस झाले, तू काही बोलेनास.’’

मुलाने मान खाली घातली. मग तेथेच, पडवीच्या पायरीवर, त्याने सगळे सांगितले. बोलणे अर्ध्या तासाहून अधिक चालले आणि ते सारेच गोड नव्हते. मुनीमजींचे पुढे काय, आजोबांच्या नावाची पाटी कोणाच्या हाती जाणार, या प्रश्नांना उत्तर सापडले नाही. नोकरी सोडणार नाही, एवढे त्याने स्पष्ट सांगितले. गोळीविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावयाचा, एवढे मात्र ठरले.

अण्णांचा आग्रह पुढे सायकलवरच जाण्याचा होता. मुलाने तो मानला नाही. चिऱ्यांची खेप टाकून परतणारा एक टेम्पो त्याने थांबविला, दोन्ही सायकली मागे चढविल्या आणि अण्णांना चालकाशेजारी बसविले. त्यांनी विरोध केला नाही, याचेच त्याला अधिक वाईट वाटले.

तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. तिकिटे मुलाने काढली. त्या दिवशी पैशांची थैली प्रथमच त्याच्याकडे होती. बोटीवर कठड्याला टेकून अण्णांनी हात पुढे केला, सुटे पैसे मागून घेतले आणि तिकिटांशी ताडून पाहिले.

‘‘दहा रुपये जास्त आलेत,’’ ते म्हणाले. ‘‘पळ, बोट सुटायच्या आत देऊन ये.’’

मुलाने मोजले. दहा जास्तच होते. तो धक्क्याकडे धावत सुटला.