कावीळ डोळ्यांत दिसते, मूत्रपिंडाचे काय?



उंदीर म्हटला की आपल्याला पिकाची नासाडी आठवते. गेली तीस वर्षे मीही बांधाबांधावर हेच सांगत आलो. पण हा उंदीर माणसाच्याही जिवावर उठतो, हे भाताच्या मुलखात नोकरी करताना कळले.

उंदराच्या, तसेच कुत्र्या-गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू खाचरातल्या पाण्यात उतरतात. लावणीत भिजलेल्या, भेगाळलेल्या पायांतून ते आपल्या रक्तात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप भरतो, डोळे लाल होतात, पोटऱ्यांना हात लावू देववत नाही.

काहींना पुढे कावीळ होते. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात. त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निघते व यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असते. या रोगात ते २० च्याही वर जाऊ शकते. पिवळे डोळे सगळ्यांना दिसतात, पण त्याच वेळी मूत्रपिंडे निकामी होत असली तर ते कोणाला दिसत नाही. कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड ही जोडी जर्मन डॉक्टर वाइल यांनी १८८६ सालीच नोंदवली होती.

माझ्या भागातल्या एका तिशीतल्या गड्याला घरच्यांनी काविळीचे गावठी औषध सुरू केले. चार दिवस पथ्यात गेले. लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा त्याला जिल्ह्याच्या गावी नेले. डायलिसिसवर ठेवावे लागले. गडी वाचला, मूत्रपिंडेही सावरली. पण त्या साली उरलेली लावणी त्याच्या बायकोने आणि म्हाताऱ्या आईने ओढली.

म्हणून सांगतो, पावसाळ्यात ताप आला की चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. कावीळ दिसली तर बिलिरुबिनबरोबर क्रिएटिनीनही तपासून घ्या. लघवी कमी होते का, याकडे ध्यान ठेवा. अंगदुखीच्या गोळ्या मनानेच खाऊ नका. त्यांतल्या बऱ्याच मूत्रपिंडाला बाधतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हा रोग बरा होतो. पायाला जखम असेल तर गमबूट घाला, काम उरकल्यावर साबणाने पाय धुवा.

आणि उंदरांची बिळे साऱ्या गावाने मिळून बुजवा. शेजाऱ्याच्या बांधावरचा उंदीर तुमच्याच खाचरात उतरतो.