किल्ली कुणाकडे होती?

परवा नातू दोन दिवस खंडाळ्याला येऊन गेला. बाहेर मुसळधार पाऊस, दाट धुकं, घाटातून मालगाडी रेटत नेणाऱ्या बँकर इंजिनांची घरघर, आणि हा पठ्ठ्या लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून! म्हणाला, "आजी, कर्नेलमधला बग सापडत नाहीये." मला आधी फौजेतला कर्नलच वाटला!

मग चहा पिता पिता त्याने समजावलं. कर्नेल म्हणजे संगणकाचा कारभारी. त्याच्या हाताखाली एकाच वेळी अनेक कामं चालतात, ते थ्रेड. सामायिक माहितीला दोघांनी एकदम हात लावला की घोळ होतो. म्हणून तिला कुलूप आणि किल्ली एकच. किल्ली ज्याच्याकडे तो आत, बाकीचे दाराशी.

४ जुलै १९९७ ला 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी करणारं बिनमहत्त्वाचं काम किल्ली घेऊन आत होतं. फार महत्त्वाचं काम दाराशी खोळंबलेलं. आणि मधल्या दर्जाची कामं येऊन आतल्या बिचाऱ्याला बाजूला सारायची. मग तो किल्ली सोडणार कधी? इंजिनिअरांनी इथे पृथ्वीवर तसंच यंत्र चालवून दोष शोधला. उपाय असा, की मोठा दाराशी थांबला असेल तर किल्ली सुटेपर्यंत त्याचा मान आतल्या लहानाला द्यायचा. म्हणजे मधले त्याला हटवू शकत नाहीत. ही सोय यंत्रणेत होतीच, फक्त चालू केलेली नव्हती.

ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. इन्स्पेक्शनच्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाला कपाटाची किल्ली देऊन नकाशा आणायला पाठवलं होतं. साहेब वर्गात बसलेले आणि पोराचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने आला, तशी सगळ्यांसमोर मी त्याला छडी मारली. नंतर कळलं, वाटेत जो तो शिक्षक त्याला कामं सांगत होता. खडू आण, पाणी आण, हजेरीपट दे. एवढंसं पोर नाही कुणाला म्हणणार? "बाईंचं काम आधी" असं सांगायची मुभा मी त्याला दिलीच नव्हती.

नातवाचा बग रात्री दीडला सुटला. म्हणाला, "आजी, मी उगाच त्या धाकट्या थ्रेडमध्येच चूक शोधत बसलो होतो."

मी काही बोलले नाही. तो मुलगा आता पंचावन्नच्या पुढे असेल. माफी मागायची राहूनच गेली.