दीड तासाचे गाव

भूगोलाचा अभ्यास करता करता आमच्या चिरंजीवांनी परवा विचारले, "बाबा, मुंबईहून नागपूर किती लांब आहे हो?"

मराठीच्या प्राध्यापकाला भूगोलाचा प्रश्न म्हणजे संकटच! पण नागपूर पडले माझे गाव. मी ऐटीत सांगितले, "८३७ किलोमीटर." चिरंजीवांनी नकाशावर दोरा ताणला, प्रमाण लावले आणि मला खोटे पाडले. दोऱ्याच्या मते ते ६८५ च्या आसपास होते.

खरे तर दोघेही बरोबर होतो. माझे अंतर आगगाडीचे. ती कसाऱ्याचा घाट चढते, भुसावळ, अकोला, बडनेरा अशी गावे घेत जाते. त्याचे अंतर विमानाचे. त्याला ना घाट, ना स्टेशन. ताशी सात-आठशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान एवढी मजल तासाभरात मारील. तरी वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास लिहितात. कारण जागेवरून हलल्यापासून पलीकडे पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. आम्हां डोंबिवलीकरांना त्यापुढे पहाटेची टॅक्सी, तपासणीच्या रांगा आणि सोनेगावहून घरापर्यंतची रिक्षा अशी शेपटे जोडावी लागतात. बेरीज सहा तासांवर जाते. तरीही रात्रभराच्या गाडीपुढे ती चैनच!

माझे आजोबा नागपूरला टपालखात्यात होते. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, त्याच्या गोष्टी ते रंगवून सांगत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परतत. गंमत पाहा, तेव्हा पत्रे विमानाने जात आणि माणसे आगगाडीने. माणसे उशिरा पोहोचत. पण वळकटी घेऊन येत आणि दहा दिवस राहत.

नोकरी लागली तेव्हा मीही गाडीनेच जात असे. तिकीट आधीपासून काढावे लागे; म्हणून वर्षातून तीन खेपा न चुकता होत. मग विमान आवाक्यात आले आणि मी म्हणू लागलो, "दीड तासाचे तर काम! केव्हाही जाता येईल." हा 'केव्हाही' नावाचा दिवस कोणत्याच पंचांगात नसतो. परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, मुलाची शिबिरे झाली. बघता बघता दीड वर्ष उलटले.

श्रावणात फोनवर आई सहज बोलून गेली, "मागच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं बरं का. शेजारच्या वहिनी होत्या सोबत."

मी रागावलो. "मला कळवलं का नाहीस? दीड तासात आलो असतो!"

ती शांतपणे म्हणाली, "दीड तासाचंच तर गाव आहे रे. यायचं असतं, तर तू आलाच असता."

यावर मला उत्तर सुचले नाही. वर्गात तास तास बोलणारा मी, फोन हातात धरून नुसता उभा राहिलो.

दिवाळीसाठी मी तिकिटे काढली, ती आगगाडीची. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अंतर दीडशे किलोमीटरनं वाढलं की!" म्हटले, वाढू दे. जाण्याचा दिवस तरी ठरला.

रात्री आईला कळवले. गाडी कोणती, पोहोचणार किती वाजता, यांतले तिने काहीच विचारले नाही. तिचा एकच प्रश्न होता, "किती दिवस राहतो मग?"