चोरबाजारातली तबकडी आणि चार आण्यांचे नाणे

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून मौलाना शौकत अली मार्गाने चालू लागले की मुंबईच्या नेहमीच्या गजबजाटात हळूहळू हातोड्यांची ठोकठोक मिसळू लागते. इथून आत गेलेली मटन स्ट्रीट म्हणजेच चोरबाजार. मुळात हा ‘शोर बाजार’, इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, असे सांगतात. खरेखोटे कोण जाणे, शोर मात्र आजही भरपूर आहे.

जहाजांवरचे दिवे, चिनी मातीच्या बरण्या, हिंदी चित्रपटांची जुनी पोस्टर्स. या पसाऱ्यात कुठेतरी रेकॉर्डची चळत उभी असते. आजोबांच्या रेकॉर्ड माळ्यावर सापडलेली तरुण मंडळी अलीकडे इकडे वळू लागली आहेत. पितळी कर्णा दिसला की नवख्याचे मन विरघळते. पण असे बरेच ग्रामोफोन जुन्या-नव्या सुट्या भागांची जोडणी असतात. दिवाणखान्याच्या शोभेला ते ठीक. त्यांची पोलादी सुई आणि जड डोके ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीसाठी असते. तिथे व्हिनाइलची एलपी ठेवली, तर एकाच वेळी तिचे वाटोळे होते.

त्यापेक्षा रेकॉर्डची चळत चाळावी. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड हमखास भेटतात. रेकॉर्ड कडेने धरून दुकानाच्या दारात उजेडात तिरपी करावी. नुसती धूळ असेल तर ती निघते; नखाला लागणारा ओरखडा जन्माचा असतो. डोळ्यांच्या रेषेत धरून ती वाकलेली नाही ना, हेही पाहावे. भाव करताना लाजू नये.

खरा धोका मात्र घरी आल्यावर सुरू होतो. चाळीस-पन्नास वर्षे माळ्यावर टिकलेली रेकॉर्ड नवख्याच्या हातून एका संध्याकाळी खराब होऊ शकते. जुन्या घरांत सुई उड्या मारू लागली की तिच्या डोक्यावर चार आण्यांचे नाणे ठेवण्याचा रिवाज होता. त्या नाण्याचे वजन अडीच ग्रॅम! आजच्या बऱ्याच सुयांना एकूण भारच दीड ते अडीच ग्रॅम लागतो. म्हणजे नाणे ठेवताच भार दुप्पट. गाणे सुरळीत वाजते, घरचे खूश होतात आणि खाली खाचा झिजत राहतात.

म्हणून आधी टर्नटेबल भक्कम, सपाट जागी ठेवावे. गवंड्याची पाणसळ असेल तर उत्तम. मग सुईचे टोपण काढून, ती कुठेही टेकणार नाही अशा बेताने, दांड्यामागचे वजन पुढेमागे फिरवावे. दांडा तराजूच्या काट्यासारखा अधांतरी स्थिर राहिला की वजनावरचा आकडा शून्यावर आणावा आणि सुईच्या कागदावर सांगितलेला भार द्यावा. भार फार कमी ठेवणे हीही काटकसर नव्हे. हलकी सुई खाचेत नाचते आणि तीच खरवडते. दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली अँटीस्केटिंगची कळ साधारण भाराच्याच आकड्यावर ठेवावी. सुई खाचेत सरळ बसते का, हे छापील मापपट्टीवर पाहता येते. यात पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास जातो. घाई करणाऱ्याने कॅसेटच ऐकावी!

घूं असा आवाज आला तर बहुधा जमिनीची बारीक वायर जोडायची राहिलेली असते. आवाज अगदीच क्षीण असेल तर फोनो प्रीअँप्लिफायर हवा. वेग तपासण्याची एक जुनी गंमत आहे. ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची कागदी चकती फिरवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहावी. आपली वीज ५० हर्ट्‌झची. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात.

माळ्यावर ७८च्या रेकॉर्ड निघाल्या, तर त्यांना रुंद टोकाची वेगळी सुई लागते आणि टर्नटेबललाही तो वेग हवा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते.

नवख्याने या सोपस्कारांना हसू नये. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अवकाशात गेल्या. त्यांत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. सोबत सुई दिली आहे आणि ती कशी ठेवायची, किती वेगाने तबकडी फिरवायची, याच्या खुणा वेष्टणावर कोरल्या आहेत.

चोरबाजाराला जायचे तर शुक्रवारचा विचार आधी करावा. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, पण जुन्या वस्तूंची बरीच दुकाने बंद असतात. रेकॉर्ड नेण्यासाठी ताठ पुठ्ठ्याची पिशवी न्यावी, आणि परतताना ती टॅक्सीच्या काचेमागे उन्हात मुळीच ठेवू नये.