मुरमाच्या पट्ट्यावरचा शॉर्टस्टॉप

सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत 60 फूट अंतर असतं. चपळ मुलगी ते तीन सेकंदांच्या आसपास कापते. तेवढ्या वेळात शॉर्टस्टॉपने सरपटत आलेला चेंडू गाठायचा, उचलायचा, पाय जुळवायचे आणि पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या छातीवर नेमका फेकायचा. बेसबॉलमध्ये हेच अंतर 90 फूट. धावणाऱ्याला चार सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, पण फेकही तितकीच लांबते. चेंडू ग्लोव्हमधून एकदा निसटला आणि तो पुन्हा उचलायला वाकावं लागलं, की धावणारा बेसवर पोहोचलेला असतो. दोंडाईच्यात मी मुलामुलींना हे तीन-चार सेकंद शिकवतो. बरीच वर्षं शिकवतोय आणि या कामाची गोडी वाढतच चालली आहे.

आमच्या खान्देशात जळगावकडे सॉफ्टबॉल चांगला रुजला. तिथूनच तो धुळ्याकडच्या शाळांमध्ये आला. बेसबॉल त्याच्या मागोमाग आला आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही खेळ तीच मुलं खेळतात. दोंडाईच्याची ओळख मिरचीच्या बाजारासाठी, तापी खोऱ्यातून सुरतेला जाणाऱ्या रेल्वेसाठी. इथली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पायाला चिकटून वर येते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर सरपटी चेंडू कुठे जाईल, हे चेंडूलाही ठाऊक नसतं. म्हणून मैदानाच्या एका कोपऱ्यात आम्ही मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून एक पट्टा केलाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, म्हणजे शॉर्टस्टॉपचं राज्य, तेवढं तरी नीट असावं एवढाच हेतू.

चेंडू जमिनीवर आपटत येतो तेव्हा प्रत्येक टप्प्यात पकडण्यासारख्या दोनच जागा असतात. एक, टप्पा पडून चेंडू नुकताच जमिनीतून निघतोय तिथे. दुसरी, तो वर चढून पुन्हा खाली उतरू लागतो तिथे. या दोन्हींच्या मधे, चेंडू चढत असताना जो ग्लोव्ह पुढे करतो, त्याच्या मनगटावर, छातीवर किंवा तोंडावर चेंडू बसतो. हा मधला टप्पा टाळणं हीच इनफिल्डरची, म्हणजे बेसांच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या खेळाडूची, अर्धी विद्या. आणि तो हाताने टाळता येत नाही, पायांनी टाळावा लागतो. दोन पावलं पुढे गेलं तर चेंडू निघता निघता सापडतो, एक पाऊल मागे सरकलं तर उतरताना सापडतो. जो जागेवर उभा राहतो, त्याच्या वाट्याला चेंडू देईल तो टप्पा येतो.

नवीन मुलं हमखास येऊन सांगतात, "सर, बॉल वाकडा उना." त्यावर माझं उत्तरही ठरलेलं, "बॉल वाकडा नही उना, तू उभा ऱ्हायना." जमीन वाकडी आहे हे मलाही दिसतं. पण जमिनीला दोष द्यायची सवय एकदा लागली की पाय हलायचे थांबतात.

सुरुवातीला मी ग्लोव्ह देतच नाही. जुनी रबरी चप्पल घ्यायची, तिच्या पट्ट्यात बोटं घालून ती तळहातावर चढवायची आणि सरपटी चेंडू त्या चपलेवर घ्यायचा. चपलेत चेंडू अडकत नाही. हात ताठ ठेवला तर तो आपटून पाच फूट पुढे उडतो. म्हणून चेंडू येताना हात किंचित मागे, पोटाकडे घ्यावा लागतो आणि दुसऱ्या हाताने वरून लगेच झाकण घालावं लागतं. मुलांना मी सांगतो, घरी जाऊन भाकरी थापणाऱ्या आईचे हात बघा. पिठाला मार बसत नाही, तरी भाकरी फिरत फिरत मोठी होते. असा हात आला की मग ग्लोव्ह. तोपर्यंत मुलं कुरकुरतात, पण डोमिनिकन रिपब्लिकमधली मुलं दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ग्लोव्ह करून खेळत मोठी झाली हे ऐकलं की थोडी गप्प होतात. त्या देशातलं सान पेद्रो दे माकोरिस हे साखर कारखान्यांचं गाव. तिथल्या टोनी फर्नांडेसने 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं शॉर्टस्टॉपसाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवला. आमच्याकडेही स्टार्चचा कारखाना आहे, मुलं आहेत, चपला आहेत. मला ही तुलना मनापासून आवडते.

2008 साली भारतात एक स्पर्धा झाली, 'मिलियन डॉलर आर्म'. वेग मोजायचं यंत्र लावून देशभर हजारो मुलांना चेंडू फेकायला लावला आणि त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघंही भालाफेकपटू. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरट्स या क्लबने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे 2014 मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. त्यांनी केलं ते फार मोठं होतं. ज्या खेळाचा चेंडू कधी हातात धरला नव्हता, त्यात परक्या देशात जाऊन उभं राहायचं हे धाडसाचंच काम. दोघं मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर खेळले, मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, पोहोचले नाहीत.

ही स्पर्धा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, शोधायची होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. दंडातला वेग यंत्रावर दिसतो. एका दुपारी कळतं कोण ताशी 80 मैलांनी फेकतो आणि कोण 60 ने. इनफिल्डरसाठी असं यंत्र नाही. चेंडू बॅटवर येण्याच्या क्षणी त्याची टाच जमिनीवरून उचलली गेली का, टप्पा त्याने निवडला का, ग्लोव्हमधून चेंडू काढताना बोटं आपोआप शिवणीवर आडवी बसली का, हे शेकडो चेंडू मारल्यावर दिसतं आणि हजारो चेंडू घेतल्यावर अंगात येतं. दंड देवाघरून येऊ शकतो. इनफिल्डरचे पाय मैदानावर राहूनच येतात.

आणि काही जण तर खरोखरच मैदानावर राहिले. त्याच पिट्सबर्ग पायरट्सने त्याच 2008 सालात दक्षिण आफ्रिकेच्या एका अठरा वर्षांच्या शॉर्टस्टॉपशी करार केला, गिफ्ट न्गोपे. त्याची आई जोहान्सबर्गजवळच्या रँडबर्ग मेट्स या बेसबॉल क्लबच्या क्लब हाउसमध्ये कामाला होती आणि तिथल्याच एका खोलीत हे कुटुंब राहायचं. दार उघडलं की मैदान. शाळेतून आलं की मैदान. मोठी माणसं खेळून गेल्यावर उरलेलं मैदानही त्याचंच. इटलीत तिरेनियाला मेजर लीगचं युवा खेळाडूंसाठी शिबिर भरायचं, तिथे त्याच्यावर नजर गेली. शिबिरात तो दिसला हे खरं, पण तिथे जे दिसलं ते रँडबर्गच्या त्या अंगणात आधीच तयार झालं होतं.

पुढची गोष्ट मी आमच्या मुलांना नेहमी सावकाश सांगतो, कारण त्यांना ती घाईने ऐकायची असते. करार झाला आणि मग साडेआठ वर्षं गेली. अमेरिकेत मेजर लीगच्या खाली पायऱ्या असतात. रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. न्गोपे ब्रॅडेंटन, अल्टूना, इंडियानापोलिस असा वर चढत गेला. हंगामात वरच्या पायऱ्यांवर सुमारे 140 सामने, बसचा प्रवास, रोज सरपटी चेंडूंचा सराव. त्याच्या ग्लोव्हबद्दल पहिल्यापासून कुणाला शंका नव्हती. अडत होतं ते बॅटिंगचं. तो दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा, पुढे डावीकडून खेळणं सोडून फक्त उजव्या हाताने खेळू लागला. मधेच, 2013 मध्ये, आई गेली. 26 एप्रिल 2017 ला पिट्सबर्गच्या मैदानावर तो उतरला आणि मेजर लीगमध्ये खेळणारा आफ्रिकेत जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. समोर आदल्या वर्षीचे विजेते शिकागो कब्ज, पिचर डावखुरा जॉन लेस्टर. पहिल्याच वेळी न्गोपेने त्याच्यावर सिंगल मारला, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला.

मेजर लीगमध्ये तो दोन हंगामांत मिळून 41 सामने खेळला. "फक्त 41?" असं मुलं विचारतात. हा "फक्त" मला मान्य नाही. एका अख्ख्या खंडातून तोवर कुणी एकही सामना खेळला नव्हता. त्याच्यामागून त्याचा धाकटा भाऊ व्हिक्टरही पायरट्सच्या मायनर लीगमध्ये गेला. तोही त्याच खोलीतून निघालेला.

ही गोष्ट वाचताना मला एकनाथ सोलकर आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या मरीन लाइन्सला पी. जे. हिंदू जिमखाना आहे. सोलकरांचे वडील तिथे माळी होते आणि कुटुंब मैदानाच्याच कडेला राहायचं. पोरवयात एकनाथ तिथे धावफलकावरचे आकडे बदलायचा. 1969 मध्ये तो कसोटी खेळला आणि पुढे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेटशिवाय उभा राहिला. 27 कसोटींत 53 झेल. यष्टिरक्षक सोडले तर किमान 20 कसोटी खेळलेल्यांत कसोटीमागे झेलांचं असं प्रमाण आजही कुणाला गाठता आलेलं नाही. 1971 मध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेत इंग्लंडला 101 वर गुंडाळलं, तेव्हा वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल सोलकरने पुढे झेपावून जमिनीलगत घेतला. त्या झेलाचं छायाचित्र मी मुलांना दाखवतो. झेल क्रिकेटमधला, पण आमच्या कामाचा. शरीर पूर्ण लांबलेलं आहे आणि हात मात्र मऊ आहेत. त्याचा भाऊ अनंतही प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला. इकडेही घर तेच, अंगण तेच.

आमच्या मुलांची शिडी वेगळी. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. या शिडीची अडचण मला रोज जाणवते. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. जिल्ह्याला पहिलाच सामना हरलात की वर्ष संपलं. एखाद्या सामन्यात शॉर्टस्टॉपकडे तीन चेंडू येतात, एखाद्यात एकही येत नाही. म्हणजे वर्षभर मेहनत घेतलेल्या मुलीची परीक्षा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या चेंडूंवर होते. न्गोपेला ट्रिपल एमध्ये आज चूक झाली तर उद्या पुन्हा सामना होता. आमच्या मुलीला पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्यात दहावी येते, वयोगट बदलतो, घरचे म्हणतात आता पुरे. म्हणूनच जिल्ह्याच्या आधी आठ-दहा दिवसांचं शिबिर भरवून संघ उभा करण्याची जी पद्धत पडली आहे, तिने पिचर मिळेल, बॅटर मिळेल, इनफिल्डर मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला बारा महिने उघडं मैदान हवं, आणि रोज चेंडू मारून देणारं कुणीतरी.

सध्या माझ्याकडे एक मुलगी आहे. वडील बाजार समितीत हमाली करतात. घर मैदानाला लागून, मधे फक्त एक काटेरी कुंपण आणि त्यातली वाट. ती आली तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. मोठ्या मुलींच्या सरावात बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. चेंडू आणताना ती थांबायची नाही, तो अजून घरंगळत असतानाच पळत जाऊन उचलायची आणि पळतच फेकायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर चपलेवर, मग मोठ्या मुलींनी वापरून मऊ केलेल्या ग्लोव्हवर ती शिकली. सेकंड बेसवर खेळत विभागापर्यंत गेली आणि राज्य स्पर्धेच्या संघात निवडली गेली. तिच्या वडिलांनी एकदा विचारलं, "सर, याना काय फायदा व्हई?" मी त्यांना सरळ सांगितलं. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याला राज्य-राष्ट्रीय स्तरावरच्या कामगिरीची अट असते, आणि पुढे जळगावच्या विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धाही खेळता येतात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉल परत येतोय हेही सांगितलं. ते आपल्या मुलीसाठी आहे असं मी म्हटलं नाही, पण हा खेळ जगात मोठ्या ठिकाणी खेळला जातो हे बापाला कळलं पाहिजे. ते थोडा वेळ बसून सराव बघत राहिले. आता मुलीला ते स्वतः संध्याकाळी पाठवतात.

या हंगामापासून मी तिला शॉर्टस्टॉपला हलवतोय. सेकंड बेसवरून फेक जवळची असते, चूक सावरायला क्षणभर मिळतो. शॉर्टस्टॉपला उजव्या हाताकडे, तिसऱ्या बेसच्या दिशेने गेलेला चेंडू उलट्या ग्लोव्हने घ्यावा लागतो आणि शरीर तिकडे ओढलं जात असतानाच उलट दिशेला, सगळ्यात लांबची फेक करावी लागते. यात उजवा पाय चेंडूच्या पलीकडे रोवायचा, तोच खिळा. तो रोवला नाही तर सगळी फेक हातावर येते आणि खांदा दुखतो. ती अजून एक जादा पाऊल घेते. जादा पाऊल म्हणजे धावणारीला पाच-सहा फूट आंदण. म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्या उजवीकडेच चेंडू मारतो. फेकायचा नाही, फक्त घ्यायचा आणि पाय रोवून थांबायचं. पाय बरोबर असेल तर मी हात वर करतो, मग पुढचा चेंडू.

पावसाने यंदा पट्ट्यातला मुरूम धुऊन नेलाय आणि तिसऱ्या बेसजवळ खाली काळी माती उघडी पडली आहे. नेमकी तीच जागा तिला आता सगळ्यात जास्त लागणार. दसऱ्याच्या आत दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून, चाळून, त्यावर पाणी मारून रोलर फिरवायचा आहे. ट्रॅक्टर एका माजी विद्यार्थ्याने कबूल केलाय, चाळणी तिच्या वडिलांनी आणून ठेवली आहे.