ब्रायटनची टेकडी आणि पत्र्याच्या पेटीतली पत्रे



विलायतेला जाण्याचा योग आमच्यासारख्या कारकुनाच्या आयुष्यात सहसा येत नाही. पण माझी भाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेली, त्याच सुमारास एलआयसीची एक पॉलिसी पिकली, आणि २०२३ च्या जून महिन्यात मी बारा दिवसांसाठी तिकडे जाऊन आलो. किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे दहा नंबरचे घर पाहणे हा मुख्य हेतू. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतले हे आपणांस ठाऊक आहेच. त्या घराविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. तेथे गेल्यावर बराच वेळ माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, एवढेच सांगतो. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या दोन दिवसांविषयी.

निघताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक काम सांगितले होते. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. गिरणीत होते, पेपर मात्र अजून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. म्हणाले, "पहिल्या लढाईत आपल्या हिंदी शिपायांना तिकडच्या राजवाड्यात दवाखान्यात ठेवलं होतं. तिथून त्यांनी बायका-पोरांना पत्रं लिहिली होती. त्याचं काय शिल्लक आहे ते बघून ये."

अण्णांना पत्रांची एवढी ओढ का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत आजोबांची अकरा पत्रे आहेत. १९४१ साली बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच साली बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुढच्या वर्षी आजोबा भरती झाले आणि वायव्य सरहद्दीवर गेले. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची आणि अण्णा दोन महिन्यांचे.

आजीला अक्षरओळख नव्हती. पत्र आले की ती अण्णांना कडेवर घेऊन शाळेच्या मास्तरांकडे जायची. मास्तर परगावचे आणि वरच्या जातीचे. ते ओट्यावर बसायचे, आजी खाली अंगणात उभी राहायची. पत्र तिने ओट्याच्या कडेला ठेवायचे, मग मास्तर उचलून मोठ्याने वाचायचे. येणारे-जाणारे थांबून ऐकायचे. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र गावाने ऐकायचे आणि बायकोने मान खाली घालून उभे राहायचे, अशी तऱ्हा. आजोबांना हे माहीत होते, म्हणून त्यांच्या पत्रांत आजीचे नाव एकदाही नाही. "बाळाच्या आईस" असेही नाही. थोरल्या चुलत्यांना नमस्कार, मनिऑर्डर पोचली का, पाऊस कसा आहे, बाळ रांगते का. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली : शेळीला वेळेवर खायला घाला, तिची आबाळ करू नका.

आमच्या घरी शेळी नव्हती.

मास्तरांना ते काय ठाऊक असणार! आजी म्हातारपणी ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. उलट टपाली तिने काय पाठवावे? लिहिणार कोण आणि कोणासमोर? तिने अण्णांना घोंगडीवर सरळ निजवले, डोक्यापासून टाचेपर्यंत एक दोरा मोजला, तोडला आणि मास्तरांनी लिहून दिलेल्या पाकिटात घातला. दर दोन-तीन महिन्यांनी एक दोरा. पोर किती वाढले ते बापाने सरहद्दीवर बसून हातात धरून बघावे. आजोबा १९४६ ला परत आले तेव्हा ते सगळे दोरे त्यांच्या ट्रंकेत एका चिंधीत बांधलेले होते. पुढे उंदरांनी खाल्ले. पत्रे तेवढी राहिली.

तर अण्णा म्हणजे त्या पत्रांतले बाळ. त्यांनी सांगितलेले काम टाळणे शक्य नव्हते.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ब्रायटनला गाडीने तासभर लागतो. समुद्रकाठचे गाव, आपल्या अलिबागसारखे हवा खायला जाण्याचे, पण गर्दी दादरची. स्टेशनातून उतरून पंधरा मिनिटे चालले की रॉयल पॅव्हेलियन दिसतो. पाहून हसूच आले. बाहेरून आपल्याकडचे घुमट आणि मिनार, आतून सगळा चिनी थाट, छतातून लोंबणारे ड्रॅगन. चौथ्या जॉर्ज राजाने हौसेने बांधून घेतलेला हा वाडा. १८५० साली तो गावच्या नगरपालिकेने विकत घेतला. पण १९१४ च्या डिसेंबरात येथे हिंदी जखमींचा दवाखाना उघडला, तेव्हा बादशहाने आपला राहता राजवाडा शिपायांना दिला अशीच समजूत झाली, आणि सरकारने ती दूर केली नाही. मालमत्ता नगरपालिकेची, नाव बादशहाचे! कचेरीत काम करणाऱ्याला यात नवल वाटू नये.

२०१० पासून येथे या दवाखान्याची माहिती देणारे एक दालन आहे. भाचीने मला सगळे वाचून समजावले. त्या गावात तीन ठिकाणी मिळून सुमारे १२,००० हिंदी सैनिकांवर उपचार झाले. फ्रान्सच्या खंदकात हातपाय गमावलेली, थंडीने पायाची बोटे झडलेली माणसे या झुंबरांखाली खाटा टाकून ठेवली होती. आणि स्वयंपाकघरे किती? नऊ! धर्माप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळी. पाण्याचे नळ हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे. समुद्र ओलांडला, गोळ्या खाल्ल्या, पण चूल काही एक झाली नाही. भाची म्हणाली, "मामा, इथे आपल्याला कोणत्या चुलीवर वाढलं असतं?" मी म्हटले, "आपण इथे शिपाई म्हणून नव्हतोच बाळा." इंग्रजांनी १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद केली होती. माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडून टाकली.

आता पत्रांचे. १९१५ च्या मार्च महिन्यात फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे पाठवत होते. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. कोणी लिहिणारा साथीदार किंवा पलटणीतला लेखनिक गाठायचा, त्याला सांगायचे, तो लिहिणार. घरी पोचल्यावर दुसरा कोणीतरी वाचून दाखवणार. त्यातच सरकारला धास्ती, की शिपाई घरी काय कळवतात आणि घरून त्यांना काय कळते. म्हणून १९१४ च्या अखेरीस खास हिंदी टपालासाठी सेन्सॉर बसवला. हॉवेल नावाचा सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी त्याचा प्रमुख. फ्रान्समधल्या बूलोन गावी त्याची कचेरी. जाणारी पत्रे उघडायची, येणारीही उघडायची, काही उतारे इंग्रजीत काढायचे आणि त्यांचा नियमित अहवाल वर पाठवायचा.

म्हणजे नवरा आणि बायको यांच्यामध्ये माणसे मोजा. लिहिणारा एक, पलटणीतला अधिकारी एक, सेन्सॉरचा कारकून एक, गावात वाचणारा एक, आणि ऐकणारे किती ते सांगताच येणार नाही. माझ्या आजीच्या अंगणात निदान सेन्सॉर दिसत तरी नव्हता.

शिपायांना हे कळत होते. त्यांनीही आपल्या खुणा ठरवल्या. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असे कोणी लिहिले की समजायचे, आपली माणसे मरत आहेत, भावाला भरतीला पाठवू नका. साहेबालाही ही खूण कळली, म्हणून तर ती अहवालात नोंदली गेली. ते वाचताना मला शेळी आठवली. आमची शेळी कोणाच्या अहवालात गेली नाही, हे बरे झाले.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. फ्रान्समध्ये बायका शेती करतात, दुकान चालवतात, हिशेब लिहितात, हे पाहून कित्येक शिपायांनी घरी कळवले की मुलींना शाळेत घाला. आपले पत्र बायकोला परक्याकडून वाचून घ्यावे लागते याचे दुःख ज्याने भोगले, त्याला हे सांगायला पुढाऱ्याची गरज नव्हती.

हे सगळे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवले आहेत. पण मूळ पत्रे? ती बहुतेक गेली. राहिले ते साहेबाला महत्त्वाचे वाटले तेवढे, तेही इंग्रजीत. पोराला दात आले का, असे विचारणारे पत्र साहेबाने कशाला उतरवून घ्यावे? त्यात राज्याला धोका नाही. ज्या पत्रांत नवरा-बायकोचे आणि लेकराचेच काय ते होते, तीच सेन्सॉरच्या चाळणीतून खाली पडली. माझी आजी तेव्हा असती तर तिच्या दोऱ्याची नोंद कोणत्या रकान्यात केली असती, असा विचार मनात येत राहिला.

दुपारी बसने पॅचम गावाकडे गेलो आणि तेथून पायी टेकडी चढलो. वारा असा की बोलणे ऐकू येईना. भोवती मेंढ्या चरत होत्या. माथ्याजवळ पांढऱ्या संगमरवराची आठ खांबांची छत्री आहे. ब्रायटनच्या दवाखान्यांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना येथे अग्नी दिला आणि रक्षा समुद्रात सोडली. छत्रीचा आराखडा मुंबईच्या हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने केलेला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मृतांची नावे मात्र तेथे यायला २०१० साल उजाडावे लागले. मी ती एकेक करून वाचली. नाव आहे, पलटण आहे. गाव नाही. पोस्टमनला देऊन उपयोग नाही, अशी नावे.

उतरताना भाची म्हणाली, "मामा, उद्या आणखी एका ठिकाणी जायचं. ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वॉटर्लू स्टेशनवरून दीड तासावर ब्रोकनहर्स्ट नावाच्या खेड्यात उतरलो. न्यू फॉरेस्ट या जंगलातले गाव. रस्त्यात घोडी मोकळी फिरतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. गावाबाहेर उंचवट्यावर सेंट निकोलस हे जुने चर्च आहे. आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या थडग्यांच्या ओळी, आणि तेथेच एक वेगळा दगड. त्यावर नाव सुखा.

सुखा शिपाई नव्हता. गावातल्या लेडी हार्डिंग हॉस्पिटलात जखमी हिंदी सैनिकांची घाण साफ करणारा, तेव्हाच्या भाषेत मेहतर. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला. वय तीस. पुढे जे घडले ते वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. हिंदूंनी त्याला जाळू दिले नाही, कारण तो अस्पृश्य. मुसलमानांनी पुरू दिले नाही, कारण तो मुसलमान नव्हता. ज्यांची घाण त्याने काढली त्यांना तो मेल्यावरही नको होता. शेवटी चर्चच्या पाद्रींनी आपल्या आवारात जागा दिली, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. दगडावर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे की तो ख्रिस्ती नव्हता.

मी तो दगड पुन्हा पुन्हा वाचला. कारण त्यावर पत्ता आहे. मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत, हिंदुस्थान. पाकिटावर लिहितात तसा, पूर्ण. टेकडीवरच्या ५३ जणांना जे मिळाले नाही ते या झाडूवाल्याला परक्या खेड्यातल्या माणसांनी दिले. मी पायातले बूट काढले, तेथे उभे राहून त्रिसरण म्हटले. भाचीने सकाळी मुद्दाम घेतलेली पांढरी फुले वाहिली. एक म्हातारी बाई कुत्रे घेऊन चालली होती, ती थांबली, मान लववली आणि गेली.

स्टेशनवर येऊन अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ वाजले असतील. नऊ चुली, मिरी-मिरची, टेकडी, सगळे सांगितले. काळ्या मिरीवर ते मोठ्याने हसले. सुखाचे सांगितले तेव्हा मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले लाईन तुटली.

मग म्हणाले, "त्याच्या घरी कळवलं असंल का रे? आणि कळवलं असंल तर त्या मोहल्ल्यात वाचून कोणी दाखवलं असंल?"

मी गप्प राहिलो. गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती.

"बरं," अण्णा म्हणाले, "तो पत्ता नीट लिहून घे."

भाचीने तो आधीच वहीत उतरवून घेतला होता.